बेस्टच्या बससेवेचे परीक्षण : भाडे वाढले, थांब्यावरची रांगही वाढली

एखाद्या उपाहारगृहाचे परीक्षण लिहिणे सोपे असते, कारण तेथे एकदा जेवून आले की चवीबद्दल मत देता येते. बससेवेचे तसे नसते. एकाच मार्गावरची सकाळी साडेसातची बस आणि संध्याकाळी साडेसहाची बस या दोन निराळ्या सेवा वाटाव्यात इतका त्यांच्यात फरक असतो, आणि एखाद्या संध्याकाळी बस पटकन मिळाली किंवा मिळालीच नाही, एवढ्यावरून रोज लाखो प्रवाशांची ने-आण करणाऱ्या उपक्रमाचे गुण वाढवणे किंवा कापणे न्याय्य ठरत नाही. म्हणून या लेखात माझी गाऱ्हाणी बाजूला ठेवून, २०१९ पासून मुंबई महापालिकेच्या ‘बेस्ट’ या उपक्रमाची बससेवेबाबतची जी धोरणे बदलली आणि त्या बदलांनी प्रवाशाच्या पदरात काय पडले, एवढेच तपासायचे ठरवले आहे. मी शाळेत असल्यापासून या बसने फिरतो आणि जमेल तेथे रिक्षा टाळतो. तेव्हा माझ्या मतात पक्षपात असलाच तर तो लाल बसच्या बाजूने आहे, हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावे.

सुरुवात भाड्यापासून करावी लागेल, कारण चर्चा सर्वाधिक त्याचीच झाली. ९ जुलै २०१९ रोजी बेस्टने साध्या बसचे किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणले आणि वातानुकूलित बसचे किमान भाडे २० रुपयांवरून थेट ६ रुपयांवर आणले. पाच किलोमीटरपर्यंत पाच रुपये हा हिशेब इतका सुटसुटीत होता की सुट्ट्या पैशांवरून वाहकाशी होणारी रोजची हुज्जतही बरीच कमी झाली, आणि रिक्षा-टॅक्सीकडे गेलेले प्रवासी पुन्हा थांब्यावर दिसू लागले. प्रवासी वाढले, हे त्या निर्णयाचे यश निर्विवाद आहे. पण ही कपात एका मोठ्या आश्वासनाचा अर्धा भाग होती. महापालिकेने आर्थिक मदत द्यायची, बेस्टने भाडे उतरवायचे आणि भाडेतत्त्वावरच्या गाड्या घेऊन ताफा सात हजारांपर्यंत न्यायचा, असे ते आश्वासन होते. भाडे उतरवणे एका रात्रीत जमते, गाड्या आणणे जमत नाही. स्वस्त तिकिटाने प्रवाशांना बोलावून घेतले आणि त्यांच्यासाठी बस मात्र वाढल्या नाहीत, अशी स्थिती पुढची काही वर्षे राहिली.

त्यानंतर ९ मे २०२५ पासून किमान भाडे साध्या बससाठी १० रुपये आणि वातानुकूलित बससाठी १२ रुपये झाले. एका झटक्यात दुप्पट वाढ म्हणून त्यावर टीका झाली, आणि ती स्वाभाविकही होती. तरीही सहा वर्षे एकाच भाड्यावर सेवा चालवल्यानंतर वाढ होणारच होती, हे मान्य करावे लागेल. इंधन महागले, वेतन वाढले, तूट वाढली. त्यामुळे वाढीला माझा तात्त्विक विरोध नाही. आक्षेप आहे तो ही वाढ ज्या ठिकाणी सर्वांत जास्त लागते त्या ठिकाणाबद्दल.

मुंबईत बसचा फार मोठा वापर लोकल स्थानकापासून घरापर्यंत किंवा कार्यालयापर्यंतच्या छोट्या टप्प्यासाठी होतो. दीड-दोन किलोमीटरचा हा प्रवास असतो आणि तो किमान भाड्यातच बसतो. आता १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेले दर शेजारी ठेवून पाहा: रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे २६ रुपये, टॅक्सीचे ३१ रुपये. पूर्वी नवरा-बायको स्थानकापासून वातानुकूलित बसने घरी आले तर दोघांचे १२ रुपये होत आणि रिक्षाचे २३. आता बसचे २४ होतात आणि रिक्षाचे २६. दोन रुपयांच्या फरकासाठी कोणी रांगेत उभे राहील, अशी अपेक्षा करणे अवघड आहे. तिघे जण असतील तर वातानुकूलित बसचे ३६ रुपये होतात आणि टॅक्सी ३१ रुपयांत दारापर्यंत सोडते. म्हणजे ज्या प्रवासासाठी रस्त्यावर बस असणे शहराच्या सर्वाधिक हिताचे, त्याच प्रवासात ती महाग ठरू लागली. दोन किलोमीटरपर्यंतचा एक स्वस्त टप्पा वेगळा ठेवला असता तर उत्पन्नाला थोडी झळ बसली असती, पण स्थानकाबाहेरची रिक्षांची झुंबड थोडी तरी आवरली असती. जो एकटा आहे आणि ज्याला रिक्षा परवडत नाही, त्याच्यापुढे आता चालत जाण्याचा पर्याय आहे. मुंबईत पुष्कळ लोक तो निमूटपणे स्वीकारतात आणि त्यांची नोंद कोणत्याही आकडेवारीत होत नाही.

साधी बस आणि वातानुकूलित बस या भेदाबद्दलही थोडे बोलले पाहिजे. कागदावर १० रुपयांची साधी बस अजून आहे. परंतु नव्याने येणाऱ्या जवळजवळ सर्व विजेवरच्या गाड्या वातानुकूलित आहेत आणि जुन्या डिझेल व सीएनजी गाड्या आयुष्य संपल्यामुळे भंगारात निघत आहेत; त्यामुळे अनेक मार्गांवर प्रवाशाला निवड अशी उरतच नाही. आलेली बस वातानुकूलित असते, मागची कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि माणूस १२ रुपये काढून चढतो. भाडेवाढीचा खरा आकडा म्हणून १० नव्हे, १२ हाच धरावा लागेल. पासचेही असेच झाले. अमर्याद प्रवासाचा मासिक पास ९०० रुपयांवरून १,८०० रुपये झाला, तर एका दिवसाचा पास ६० रुपयांवरून ७५ रुपये. रोजच्या ग्राहकावर दुप्पट बोजा आणि एखाद्या दिवशी येणाऱ्यावर केवळ चौथाई वाढ, ही विभागणी मला उलटी वाटते; कोणताही दुकानदार आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला अशी वागणूक देणार नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे गाड्यांच्या संख्येकडे. एके काळी बेस्टच्या ताफ्यात चार हजारांहून अधिक बस होत्या. आज स्वतःच्या आणि भाडेतत्त्वावरच्या मिळून ही संख्या तीन हजारांच्या खाली आली आहे. बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या ३,३३७ बस कायम राखण्याचा करार २०१९ मध्ये कामगार संघटनांशी झाला होता. त्याचे पालन झाले नाही आणि स्वमालकीच्या गाड्या आता हजाराच्याही खाली घसरल्या आहेत. पंधरा वर्षांचे आयुष्य पूर्ण झालेली गाडी रस्त्यावरून काढावीच लागते. ती कोणत्या वर्षी निघणार हे ती खरेदी केली त्याच दिवशी माहीत असते, म्हणून ताफा आटणे ही अचानक कोसळलेली आपत्ती होती असे म्हणता येत नाही.

ताफा कमी होण्याचा परिणाम थांब्यावर कसा उमटतो, हे एका कल्पित मार्गावरून समजावून घेता येईल. समजा, एका मार्गावर जाऊन-येऊन, शेवटच्या थांब्यावरची विश्रांती धरून, दोन तास लागतात. बारा बस असतील तर दर दहा मिनिटांनी एक बस मिळते. त्यांतल्या चार कमी केल्या तर अंतर पंधरा मिनिटांचे होते. हे ऐकायला फारसे वाईट वाटत नाही, पण गाड्या घड्याळाप्रमाणे समान अंतराने कधीच धावत नाहीत. एखादी बस सिग्नलवर थोडी उशिरा अडकली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसे जमलेली असतात. त्यांना चढायला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते, आणि तिच्या मागच्या बसला थांब्यांवर माणसेच उरत नसल्याने ती भराभर पुढे येऊन पहिलीला गाठते. अर्धा तास काहीच नाही आणि मग एकदम दोन-तीन बस हे जे दृश्य प्रत्येक मुंबईकराने पाहिले आहे, त्यामागे चालकांचा खोडसाळपणा नसून हे गणित असते. आठ बस अशा जोडीजोडीने धावू लागल्या की प्रवाशाच्या दृष्टीने त्या चारच उरतात आणि मधले अंतर तीस मिनिटांचे होते. भरपूर गाड्या असताना ही गडबड पोटात घालता येते, कमी गाड्यांत ती लपत नाही. त्यामुळे ताफा एक तृतीयांशाने घटला तर थांब्यावर थांबण्याचा वेळ एक तृतीयांशाने नव्हे, त्याहून कितीतरी अधिक वाढतो.

याला आणखी एक बाजू आहे. ताफ्याचा आकडा सांगताना बारा मीटरची मोठी बस आणि वीस-पंचवीस आसनांची मिनी बस या दोन्हींची गणती एक-एक अशीच होते. अरुंद गल्ल्यांतून स्थानकापर्यंत जाण्यासाठी मिनी बस उत्तम आहे आणि ती आली तेव्हा मी तिचे स्वागतच केले होते. पण जेथे पूर्वी मोठी बस भरून जात असे त्या मार्गावर मिनी बस लावून फेऱ्यांची संख्या तीच ठेवली, तर रांगेतली निम्मी माणसे थांब्यावरच राहतात. कोणत्याही उपक्रमाने गाड्या किती हे सांगण्याबरोबर एकूण आसने किती हेही सांगावे, म्हणजे तुलना खरी होईल.

मग गाड्या गेल्या कोठे? या प्रश्नाचे उत्तर ‘वेट लीज’ या दोन शब्दांत आहे. या पद्धतीत गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, देखभाल कंत्राटदाराची. बेस्टने मार्ग ठरवायचा, बहुतेक गाड्यांवर आपला वाहक द्यायचा, तिकिटाचे पैसे घ्यायचे आणि धावलेल्या किलोमीटरमागे ठरलेला दर कंत्राटदाराला द्यायचा. पद्धत मुळात वाईट आहे असे मी म्हणणार नाही. बस विकत घेण्यासाठी एकरकमी भांडवल नसलेल्या संस्थेला तिच्यामुळे नव्या, वातानुकूलित आणि विजेवरच्या गाड्या लवकर मिळाल्या, हे उघड आहे. पण किलोमीटरचा दर ठरवताना इंधन, सुटे भाग आणि वेतन यांचा अंदाज चुकला की कंत्राटदाराला तोटा होतो, आणि तोटा झालेला कंत्राटदार दोनच गोष्टी करू शकतो: चालकाच्या पगारात काटकसर किंवा गाशा गुंडाळणे. मुंबईने दोन्ही पाहिल्या. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये एका कंत्राटदाराने आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये दुसऱ्याने काम सोडले, आणि दोन्ही वेळा अडीचशेच्या वर मिनी बस रस्त्यावरून नाहीशा झाल्या. बेस्टची स्वतःची बस मोडली तर ती आगारात दुरुस्त होऊन परत येते. कंत्राटदाराची बस गेली की ती परत येत नाही, नवी निविदा निघते आणि निविदेला काही महिने लागतात. त्या काही महिन्यांत प्रवाशाने काय करायचे, याची तरतूद करारात कोठेही असल्याचे दिसत नाही.

कामबंद आंदोलनांच्या बाबतीतही हा फरक पडला. ८ जानेवारी २०१९ रोजी बेस्टच्या कायम कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो नऊ दिवस चालला. बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करावा ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. तीस हजारांहून अधिक कर्मचारी त्यात होते, शहराची पुरती गैरसोय झाली आणि शेवटी उच्च न्यायालयाच्या मध्यस्थीनंतर तो मिटला. त्या संपात निदान कोण कोणाशी बोलत आहे हे कळत होते: एका बाजूला संघटना, दुसऱ्या बाजूला प्रशासन. ऑगस्ट २०२३ मध्ये घाटकोपर आणि मुलुंड आगारांतून सुरू झालेले आंदोलन कंत्राटी चालकांचे होते. ते बघता बघता इतर आगारांत पसरले आणि हजाराहून अधिक गाड्या उभ्या राहिल्या. पगारवाढ, रजा, बसप्रवास मोफत मिळावा अशा त्यांच्या मागण्या होत्या. दिवसभर लाल बस चालवणाऱ्याला घरी जाताना त्याच बसचे तिकीट काढावे लागावे, ही गोष्ट मला तेव्हा प्रथमच समजली आणि वाईट वाटले. हे कर्मचारी कंत्राटदाराचे आहेत, असे बेस्टचे म्हणणे. कंत्राटदाराचे म्हणणे दर परवडत नाही. आणि तोडगा निघाला तो मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत. बसवर नाव बेस्टचे, रंग बेस्टचा, तिकीट बेस्टचे, पण अडचण आली की जबाबदार कोण हे शोधायला मंत्रालयापर्यंत जावे लागते, ही या पद्धतीची सर्वांत मोठी उणीव आहे.

ही उणीव केवळ गैरसोयीची नाही, हे ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला दिसले. ३३२ क्रमांकाच्या मार्गावरची बारा मीटर लांबीची विजेवरची बस एस. जी. बर्वे मार्गावर गर्दीत घुसली, सातहून अधिक जणांचा जीव गेला आणि चाळीसहून अधिक जखमी झाले. गाडी भाडेतत्त्वावरची होती आणि चालकाला अशा गाडीचा पूर्वानुभव नसल्याचे, त्याला मिळालेले प्रशिक्षण अपुरे असल्याचे प्रश्न त्यानंतर पुढे आले. विजेवरच्या गाडीला क्लच नसतो, गिअर नसतात आणि पाय ठेवताच ती जोरात उचलते. वर्षानुवर्षे डिझेलची गाडी चालवलेल्या माणसाच्या हातापायांना ती नवीच असते. त्यानंतर प्रशिक्षणाचे नियम कडक करण्यात आले आणि काही काळ कुर्ला स्थानकापर्यंत बस जाऊ दिल्या नाहीत. स्थानकाबाहेर फेरीवाले, रिक्षा आणि पादचारी यांच्या कोंडीतून बारा मीटरची बस काढायची की नाही, हा प्रश्न मात्र कुर्ल्यापुरता नाही. मुंबईतल्या अनेक स्थानकांबाहेर बस वळवायला धड जागा नाही, आणि त्याचे उत्तर बेस्टकडे नसून महापालिकेकडे व पोलिसांकडे आहे.

पैशाबद्दलही न्याय्य बोलले पाहिजे, कारण बेस्ट तोट्यात का, या प्रश्नाला ‘कारभार वाईट’ एवढे एकच उत्तर देण्याची पद्धत आहे. बेस्ट शहर भागाला वीजही पुरवते, आणि अनेक दशके वीज विभागाच्या शिलकीतून परिवहन विभागाची तूट भरून निघत असे. २००३ च्या वीज कायद्यानंतर ही वाट हळूहळू बंद होत गेली. विजेच्या ग्राहकाने बसच्या प्रवाशाचा खर्च का सोसावा, हा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीने योग्य होता. परंतु ती वाट बंद करताना दुसरी कोणतीही वाट बांधली गेली नाही. तेव्हापासून महापालिका अनुदान देते, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तिने एक हजार कोटी रुपये ठेवले, पण हे अनुदान दरवर्षी मागायचे आणि दरवर्षी मिळेल तेवढे घ्यायचे अशा स्वरूपाचे आहे. पुढल्या वर्षी किती मिळणार हे ठाऊक नसलेली संस्था पंधरा वर्षे टिकणारी गाडी विकत घेऊ शकत नाही. ती भाड्यानेच घेणार. सत्तावीस आगारांच्या जमिनी विकसित करून पैसा उभारण्याची कल्पना अधूनमधून पुढे येते. तिच्याबद्दल मी साशंक आहे, कारण आगाराची जागा एकदा आक्रसली की रात्री बस उभ्या करायला आणि त्यांच्या बॅटऱ्या भरायला दुसरी जागा या शहरात मिळणार नाही.

इतके दोष सांगितल्यावर बसमध्ये चढू. येथे माझे मत बरेच अनुकूल आहे. विजेवरची नवी बस शांत आहे, धूर नाही, पायरी खालच्या पातळीवर असल्याने वयस्कर माणसांना चढणे सोपे जाते आणि मे महिन्याच्या दुपारी तिच्यातली थंड हवा १२ रुपयांना मिळणारी मोठी चैन आहे. जुन्या गाडीच्या इंजिनावरच्या झाकणाशेजारी बसून ज्यांनी उन्हाळे काढले आहेत, त्यांना या सुखाची किंमत सांगावी लागणार नाही. पावसाळ्यात मात्र बंद काचांमुळे आत दमटपणा साचतो आणि गर्दीच्या वेळी वातानुकूलन थकून जाते. तेव्हा जुनी उघडी खिडकी आठवते.

डबलडेकरबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. १९३७ मध्ये मुंबईत आलेली ही दुमजली बस तिच्या जुन्या लाल, डिझेलच्या रूपात १५ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची धावली. त्या दिवशी लोक गाडीला हार घालायला आले होते, आणि इतक्या हळहळीनंतरही मला वाटते की निर्णय चुकीचा नव्हता. गाड्यांचे आयुष्य संपले होते. चूक पुढची आहे. तिच्या जागी विजेवरची वातानुकूलित डबलडेकर आली ती सुरेख आहे, वर जायला दोन जिने आहेत, दारे आपोआप मिटतात. पण नऊशे गाड्या आणण्याच्या गोष्टी झाल्या असताना प्रत्यक्षात पन्नासच्या आसपासच आल्या. दुमजली बसचा खरा उपयोग पर्यटकांना मरीन ड्राइव्ह दाखवणे हा नसून, तेवढ्याच रस्त्यावर आणि एकाच चालकात दीडपट माणसे नेणे हा आहे. गाड्या आणि चालक दोन्ही कमी असलेल्या संस्थेने तिच्याकडे सर्वांत आधी वळायला हवे होते.

मोबाइलवरच्या ‘चलो’ ॲपमुळे बस नकाशावर कोठे आहे ते दिसते आणि तिकीटही काढता येते. ही सोय खरोखर मोलाची आहे. बस वीस मिनिटांनी येणार हे आधीच कळले तर तेवढ्या वेळात माणूस भाजी घेऊन येऊ शकतो. थांबण्याचा वेळ तोच राहतो, पण त्रास अर्धा होतो. परंतु मार्ग बदलला, तोडला किंवा बंद केला, याची माहिती समाजमाध्यमांवर आधी येते आणि थांब्यावरच्या पाटीवर पुष्कळ उशिरा. थांब्यावर उभ्या असलेल्या पासष्ट वर्षांच्या बाईंसाठी पाटी हीच सेवेची एकमेव जाहिरात आणि एकमेव करार असतो. मार्गांचे क्रमांक बदलून ते वातानुकूलित झाल्यावर पुढे ‘ए’ लागला, काही मार्ग मेट्रो स्थानकांपर्यंतच आखूड झाले. या बदलांमागे तर्क असेलही, पण बदल लागू होण्याच्या आठवडाभर आधी त्या थांब्यावर मराठीत ठळक सूचना लावणे हा नियम असायला हवा. त्याला फारसा खर्च येत नाही.

मेट्रोचा उल्लेख आलाच आहे तर एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘मेट्रो-३’ ही भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाल्यावर आता बसचे काय काम, असा सूर काही जणांनी लावला. मेट्रोचे किमान भाडे १० रुपये आणि साध्या बसचेही १०, मग माणूस मेट्रोच घेईल, हा त्यामागचा हिशेब. पण मेट्रोच्या स्थानकापर्यंत पोहोचायचे कसे, हा प्रश्न मेट्रो वाढते तसा मोठा होत जातो आणि तेथे मिनी बसला पर्याय नाही. भाडे वाढवताना त्याच छोट्या टप्प्याला धक्का लागला आणि कंत्राटे तुटली तेव्हा नेमक्या मिनी बसच गेल्या, ही दोन धोरणे एकमेकांना न विचारता आखली गेली असावीत असे वाटते.

कर्मचाऱ्यांबद्दल माझा अनुभव चांगला आहे. मार्च २०२० मध्ये लोकल बंद पडली तेव्हा परिचारिका, सफाई कामगार आणि रुग्णालयांतले कर्मचारी यांना कामावर पोहोचवण्याचे काम बेस्टने केले, आणि ८ जूनपासून ती सर्वांसाठी खुली झाली तेव्हाही चालक-वाहक रोज त्या धोक्यात उतरत होते. हे शहराने विसरू नये. एरवीही वाहक हा मुंबईतला एक दुर्मीळ सरकारी माणूस आहे, जो पत्ता विचारला तर उत्तर देतो. गेल्या महिन्यात शीव रुग्णालयात चाललेल्या एका आजोबांना वाहकाने स्वतः दरवाजापर्यंत आणून, बस पूर्ण थांबल्यावर उतरवून दिले आणि मगच घंटी मारली. काही मिनी बसमध्ये आता आत वाहक नसतो, तिकीट खाली थांब्यावरच देतात. खर्च वाचत असेल, पण अशा आजोबांना कोण उतरवणार, हे कोणी मोजले आहे असे दिसत नाही.

तेव्हा गुण द्यायचेच तर गाडीला पाचपैकी चार, कर्मचाऱ्यांना साडेचार, भाड्याला तीन आणि वारंवारितेला दीड. बेस्टची पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावली; शंभर वर्षांच्या सेवेला दीड गुण देताना हात अडखळतो, पण थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला याहून जास्त देणे पटणार नाही.

ज्यांना सध्या रोज बसने जायचेच आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. मासिक पास काढण्यापूर्वी आपल्या मार्गावर साधी बस खरोखर येते का, हे चार दिवस पाहावे. येत नसेल तर साधा पास काढण्यात अर्थ नाही. ७५ रुपयांचा दिवसाचा पास किमान भाड्याच्या वातानुकूलित प्रवासांसाठी सातव्या फेरीपासून वसूल होतो, त्यामुळे तो पाहुण्यांना शहर दाखवताना घ्यावा, कामावर जाताना नव्हे. आणि पाहुणे लहान असतील तर रविवारी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राकडे जाणारी ए-११५ ही डबलडेकर घ्यावी. वरच्या मजल्यावरची पहिली रांग रिकामी मिळण्याची शक्यता तेव्हाच असते.